शिवाजीनगरची तख्तसिंगजी वेधशाळा पुणेकरांना माहीत व्हावी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात सिमला ऑफिसच्या चौकात आमची बस सिग्नलला थांबली असताना माझ्या नऊ वर्षांच्या नातवाने खिडकीतून बोट दाखवून विचारले, "आजी, ही वेधशाळा ना? मग हिच्यावर दुर्बिणीचा घुमट कुठे आहे?" ही हवामानाची वेधशाळा आहे, १९२८ साली खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून इथे आले म्हणून तिला सिमला ऑफिस म्हणतात आणि इथे पावसावाऱ्याचा वेध घेतात, असे मी त्याला सांगितले. त्याचे समाधान झाले. माझे मात्र झाले नाही. कारण ज्या घुमटाबद्दल तो विचारत होता, तसा घुमट त्या चौकापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, आजच्या अभियांत्रिकी विद्यापीठाच्या म्हणजे पूर्वीच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात एके काळी खरोखरच उभा होता, आणि त्याखाली त्या काळी भारतातली सर्वांत मोठी असलेली दुर्बीण होती. महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा हे तिचे नाव. सदतीस वर्षे विज्ञान शिकवल्यानंतर निवृत्त झालेल्या मला हे वयाच्या पन्नाशीनंतर कळले. माझ्या एकाही विद्यार्थ्याला मी हे सांगू शकले नाही, याची रुखरुख आहे आणि म्हणून हे पत्र.

या वेधशाळेची सुरुवात पुण्यात झाली नाही, मुंबईत झाली. कावसजी दादाभाई नायगमवाला हे १८५७ साली जन्मलेले पारशी गृहस्थ एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि तिथेच पदार्थविज्ञानाचे अध्यापक झाले. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी त्या कॉलेजला वर्णपटाच्या, म्हणजे प्रकाश उलगडून मिळणाऱ्या रंगपट्ट्याच्या, अभ्यासाची प्रयोगशाळा उभारण्यासाठी ५,००० रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारने त्यात तेवढीच भर घातली. त्या काळी एका प्रयोगशाळेसाठी एवढी रक्कम पुरली असती. परंतु नायगमवाला यांनी १८८४ साली इंग्लंडला जाऊन तिथल्या खगोलशास्त्रज्ञांशी सल्लामसलत केली आणि मूळ योजना मोठी करून आणली: प्रयोगशाळेऐवजी वेधशाळा, आणि तीही केवळ ताऱ्यांच्या जागा मोजणारी नव्हे, तर ताऱ्यांचा प्रकाश उलगडून ते कशाचे बनले आहेत हे सांगणारी. मुंबईची दमट हवा या कामाला सोयीची नव्हती. १८८५ साली त्यांची पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये बदली झाली, त्यांच्यामागोमाग वेधशाळाही इकडे आली आणि १८८८ साली तिचे काम सुरू झाले. तिथली मुख्य दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली, २० इंच व्यासाचा आरसा असलेली परावर्ती दुर्बीण होती. पुढची कित्येक दशके भारतात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती.

वीस इंच म्हणजे हाताच्या पंज्याने मोजले तर जेमतेम अडीच विती. आजच्या मानाने हा आरसा लहान वाटेल. पण त्याच्या जोडीला वर्णपटदर्शक होता आणि त्याच्यामागे बसलेला माणूस काय शोधायचे हे नेमके जाणत होता. मृग नक्षत्रात बाणाच्या तीन ताऱ्यांच्या खाली, अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांनाही पुसट ढगासारखा दिसणारा एक तेजोमेघ आहे. त्याचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला की सप्तरंगी पट्टा दिसत नाही, काळ्या पार्श्वभूमीवर सुट्या तेजस्वी रेषा दिसतात, आणि त्यांतली सर्वांत ठळक रेषा हिरवी असते. ही रेषा कोणत्या मूलद्रव्याची, यावरून १८९०च्या सुमारास इंग्लंडमध्ये मोठा वाद चालला होता. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांचे म्हणणे असे की ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे आणि म्हणून तेजोमेघ हे उल्कांच्या थव्यांचे बनलेले आहेत. विल्यम हगिन्स यांना ते मान्य नव्हते. पट्ट्याची कड असेल तर रेषा एका बाजूला पुसट होत जायला हवी. नायगमवाला यांनी पुण्याच्या आकाशातून ती रेषा पुन्हा पुन्हा तपासली आणि ती दोन्ही बाजूंनी सारखीच रेखीव असल्याचे १८९१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकातून जगापुढे मांडले. ती रेषा मॅग्नेशियमची नव्हतीच. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती आहे हे पुढे १९२७-२८ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिले. तोवर ती ओळखू आली नव्हती, कारण अशी रेषा उमटण्याइतका विरळ वायू पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत सहजी निर्माण करता येत नाही. म्हणजे एका जागतिक वादातला एक निर्णायक पुरावा मुळा-मुठेच्या संगमाजवळच्या एका घुमटाखाली गोळा झाला होता.

इथे एक गोष्ट नमूद केल्याशिवाय राहवत नाही. पुण्यात नायगमवाला मृगातल्या तेजोमेघाचा प्रकाश उलगडत होते त्याच सुमारास, त्याच शहरात लोकमान्य टिळक वेदांतल्या मृगशीर्षाच्या उल्लेखांवरून वेदांचा काळ ठरवू पाहत होते. त्यांचा 'ओरायन' हा ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध झाला. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मराठीतला अजोड ग्रंथ १८९६ सालचा. त्याआधीची परंपरा पाहिली तर टिळकांचे गुरू केरूनाना छत्रे यांनी तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरी केली, तिथे निरीक्षणाचा हात बसवला आणि १८६० साली 'ग्रहसाधनांची कोष्टके' लिहून मराठी पंचांगाला प्रत्यक्ष आकाशाशी पडताळून पाहण्याची वाट दाखवली. आपण वृत्तपत्राचे संपादक आहात म्हणून मुद्दाम आठवण करून देते की त्याच कुलाबा वेधशाळेचा कारभार काही काळ 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनीही पाहिला होता. ज्यांच्या नावाने आपण ६ जानेवारीला पत्रकार दिन पाळतो, ते मराठीतले पहिले संपादक वेधशाळेतही काम करत होते, हे शाळेत एखाद्या ओळीनेही सांगितले जात नाही. मराठी माणसाचे आकाशाशी नाते फलज्योतिषापुरते कधीच नव्हते, हे यातून दिसते.

तख्तसिंगजी वेधशाळेच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस म्हणजे २२ जानेवारी १८९८. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणच्या किनाऱ्यावर उतरली आणि महाराष्ट्र तिरका ओलांडून वऱ्हाडातून मध्य भारतात गेली. मुंबई इलाख्यात तेव्हा प्लेग थैमान घालत होता, पुण्यात आदल्या वर्षीच रँडचा वध झाला होता, आणि अशा वातावरणात देशोदेशीचे खगोलशास्त्रज्ञ लाकडी खोकी, आरसे आणि छायाचित्रांच्या काचा घेऊन या छायेच्या वाटेवर येऊन थांबले होते. लॉकियर विजयदुर्गावर होते. वऱ्हाडातल्या तळणी येथे ब्रिटिश हौशी खगोलनिरीक्षकांचा तळ होता. त्यात ॲनी माँडर होत्या, ज्यांनी प्रभाकिरीटाचा, म्हणजे खग्रास स्थितीत सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयाचा, फार लांबवर गेलेला एक किरण छायाचित्रात पकडला, आणि जॉन एव्हरशेड नावाचे तरुण निरीक्षक होते, ज्यांचा उल्लेख पुढे पुन्हा करावा लागणार आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर येथे, पुणे-सोलापूर लोहमार्गालगत, कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांचा तळ पडला होता, आणि जेऊरलाच नायगमवाला पुण्याहून आपली साधने घेऊन गेले होते. साहेबांच्या मोहिमेतला मदतनीस म्हणून ते तिथे गेले नव्हते. ते एका स्वतंत्र भारतीय पथकाचे प्रमुख होते. त्या पथकाचा सविस्तर अहवाल वेधशाळेच्या प्रकाशनमालेचा पहिला खंड म्हणून १९०२ साली निघाला.

खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची होती. त्यातही खऱ्या मोलाचे क्षण दोन-तीन सेकंदांचेच असतात. चंद्रबिंब सूर्याचा शेवटचा तुकडा झाकते त्या क्षणी, एरवी सूर्याच्या वर्णपटात काळ्या दिसणाऱ्या रेषा एकाएकी उजळून निघतात, कारण पाठीमागचा प्रखर प्रकाश गेलेला असतो आणि सूर्यावरच्या पातळ वायुथराचा स्वतःचा प्रकाश तेवढा उरलेला असतो. ती झळक छायाचित्राच्या काचेवर उतरवायची तर काच केव्हा उघडायची आणि केव्हा मिटायची याचा सराव आधी कितीतरी वेळा करावा लागतो. एकाचा हात चुकला तर वर्षभराची तयारी वाया जाते. जेऊरच्या माळावर तो सराव झाला, आभाळ निरभ्र राहिले आणि पथकाला हवे ते मिळाले. आज सोलापूरकडे जाणारी गाडी जेऊर स्थानकातून जाते तेव्हा त्या माळाची आठवण किती प्रवाशांना होत असेल?

उलट विजयदुर्गाची आठवण पुष्कळांना आहे, पण ती चुकीच्या कारणासाठी. हेलियम वायूचा शोध विजयदुर्गावर लागला, असे आपल्याकडे भाषणांतून आणि शाळांच्या सहलींतून सर्रास सांगितले जाते, आणि त्यासाठी १८ ऑगस्ट १८६८ ही तारीख दिली जाते. त्या दिवशीच्या ग्रहणात सौरज्वालांचा वर्णपट, ज्यात हेलियमची खूण दडलेली होती, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूर येथे पाहिला. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होते आणि ग्रहणाशिवायच सौरज्वालांचा वर्णपट पाहण्यात त्यांना तिथेच ऑक्टोबर १८६८ मध्ये यश आले. लॉकियर विजयदुर्गावर आले ते त्यानंतर तीस वर्षांनी, १८९८ साली, आणि तोपर्यंत, म्हणजे १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झी यांनी हेलियम पृथ्वीवरच्या खनिजातून वेगळा करून दाखवलेला होता. विजयदुर्गावरचे 'साहेबाचे ओटे', म्हणजे त्या निरीक्षणासाठी बांधलेले चौथरे, खरे आहेत, तिथले निरीक्षण खरे आहे आणि तेवढे सत्य अभिमानाला पुरेसे आहे. मुलांना विज्ञानाचा उत्साह देताना खोट्या तारखा दिल्या तर आपणच त्यांना विज्ञानाची पहिली शिस्त मोडायला शिकवतो. आणि ज्या ग्रहणात आपल्याच माणसाने आपल्याच वेधशाळेतून जाऊन खरोखर काम केले, त्याचे नाव मात्र या कथांमध्ये कुठेच येत नाही, हे मला अधिक खटकते.

हे सगळे संपले कसे, ते थोडक्यात सांगण्यासारखेच आहे, कारण त्यात फारसे काही घडले नाही. १९११ साली कॉलेज ऑफ सायन्सचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले. त्याच वर्षी वेधशाळा बंद करण्यात आली आणि तिची साधने तामिळनाडूतल्या कोडाईकनालच्या सौर वेधशाळेकडे रवाना झाली. तिथे १९११ पासून संचालक होते ते जॉन एव्हरशेड, चौदा वर्षांपूर्वी तळणीच्या तळावर असलेले तेच निरीक्षक. सौरडागांतून वायू बाहेरच्या दिशेने वाहतो, हा त्यांचा १९०९ सालचा कोडाईकनालचा शोध आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुण्याची दुर्बीण तिथे 'भावनगर दुर्बीण' म्हणून नोंदली गेली. देणगी देणाऱ्या संस्थानाचे नाव राहिले, आणि ते योग्यच झाले. पण जिथे ती चोवीस वर्षे राबली त्या शहराचे आणि ज्याने ती राबवली त्या माणसाचे नाव तिच्या नावात राहिले नाही. नायगमवाला यांचे निधन १९३८ साली झाले.

कोडाईकनालबद्दल मला कसलीही तक्रार करायची नाही, उलट कृतज्ञताच आहे. ईस्ट इंडिया कंपनीने चालवलेल्या मद्रास वेधशाळेचा तो वारसा. १८७६-७८च्या भीषण दुष्काळानंतर, सूर्यावरच्या डागांचा आणि पावसाचा काही संबंध लागतो का हे तपासण्याची निकड वाटून सौर वेधशाळेची कल्पना पुढे आली. १८९९ साली डोंगरावर ती स्थापन झाली. आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून तिथे सूर्याची रोजची छायाचित्रे घेण्याचे व्रत जे सुरू झाले ते एका पिढीकडून दुसरीकडे जात राहिले. त्या काचा आणि फिल्मा आता संगणकावर उतरवून जगभरच्या अभ्यासकांना खुल्या केलेल्या आहेत. मी तिथे सहलीला गेले होते तेव्हा छोट्या संग्रहालयात काळोख्या खोलीत पडद्यावर उतरवलेले सूर्यबिंब पाहिले. बशीएवढ्या पांढऱ्या वर्तुळावर तिळाएवढे दोन ठिपके होते. माझ्यासोबतच्या बाईंनी ते धूळ समजून पदराने पुसायला हात पुढे केला आणि पदराच्या घडीवरही ते दोन ठिपके उमटले, तेव्हा ते सूर्यावर आहेत हे त्यांना पटले. पुस्तकात दहा वेळा वाचून जे पटत नाही ते असे एका क्षणात पटते.

पुण्याची वेधशाळा कोडाईकनालसारखी टिकली नाही याचे कारण मी माझ्यापुरते असे लावते की ती एका माणसाच्या हिमतीवर उभी होती. त्याच्यामागे शिष्यांची परंपरा तयार झाली नाही आणि शहराला ती आपली वाटण्याइतकी तिची ओळख झाली नाही. वेधशाळा हलतात यात नवल नाही. कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय मापनाचे काम मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या म्हणून १९०४ मध्ये अलिबागला हलवावे लागले, आणि ते काम अलिबागला आजही चालू आहे. तिथे काम हलले, पण तुटले नाही. पुण्यात ते तुटले. १९१२ नंतर या शहरात आकाश पाहण्यासाठी लोक पुन्हा संघटित झाले ते १९४४ साली, ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली तेव्हा. मधली ३२ वर्षे रिकामीच म्हणावी लागतील.

त्यानंतरचे काम मात्र मन भरून यावे असे आहे. परिसंस्थेने टिळक स्मारक मंदिरातून हौशी आकाशनिरीक्षकांच्या कित्येक पिढ्या घडवल्या. दुर्बिणीचा आरसा हाताने घासून तयार करायचा असतो हे मला तिथल्याच एका ज्येष्ठ सभासदाने समजावून सांगितले होते. १९८८ साली आयुका ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था स्थापन झाली, आणि तिचे पहिले संचालक डॉ. जयंत नारळीकर यांनी शाळेतल्या मुलांसाठी शनिवारची व्याख्याने सुरू केली, तीही मराठीतून. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत की प्रश्न लिहून पोस्टकार्ड पाठवा, उत्तराखाली माझी सही येईल. माझ्या वर्गातल्या एका मुलीला असे कार्ड आले होते. ते तिने वर्षभर कंपासपेटीत ठेवले आणि झाकण उघडताना-मिटताना त्याची एक कड झिजून गेली. २०२५च्या मे महिन्यात डॉक्टर गेले तेव्हा, आज चाळिशीत असलेल्या त्या मुलीने मला दूरध्वनी करून पहिली आठवण काढली ती त्या कार्डाची. आयुकाची आंबेगाव तालुक्यातल्या गिरवलीची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून काम करते आहे, म्हणजे पुणे जिल्ह्यात मोठी दुर्बीण परत यायला ९४ वर्षे लागली.

आणि खोडद. नारायणगावजवळच्या या गावातली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभी केली: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांतल्या चौदा मधल्या चौकात एक किलोमीटरच्या परिसरात, आणि बाकीच्या तीन फाट्यांवर सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने ती सर्वांना खुली होते तेव्हा मी तीन वेळा विद्यार्थ्यांना घेऊन गेले. फाटकापाशी सगळ्यांनी मोबाइल बंद करायचा, कारण अब्जावधी किलोमीटरवरून येणाऱ्या क्षीण रेडिओ लहरींपुढे खिशातला फोन म्हणजे कानाशी वाजणारा ढोल. तबकडीच्या खाली उभे राहून वर पाहिले की पत्रा दिसत नाही, बारीक तारांची जाळी दिसते आणि जाळीतून आभाळ. पाण्याने भरलेली चाळण धरावी तसे मुलांना वाटते की यातून सगळे गळून जाईल. मग कोणीतरी समजावतो की लहरींची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी मोठी असते, त्यामुळे लहरींना ती जाळी भिंतीसारखीच आहे, वारा मात्र आरपार जातो आणि म्हणून एवढी मोठी तबकडी हलकी आणि स्वस्त करता आली. शेजारच्या गावातून आलेल्या, द्राक्षबागेतून थेट तिथे पोचलेल्या एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न मला सर्वांत चांगला वाटला: "पावसाळ्यात आभाळ भरून आलं की हिचं काम बंद पडतं का?" बंद पडत नाही, या लहरी ढगांतून येतात, असे उत्तर एका तरुण संशोधकाने दिले, आणि तो शेतकरी आपल्या नातीकडे वळून म्हणाला, "बघ, हिला बारमाही हंगाम." तख्तसिंगजी वेधशाळेला दर पावसाळ्यात चार महिने झाकून बसावे लागत असणार, हे मला त्या क्षणी आठवले.

लोकांसाठी खुले कार्यक्रम ही वेधशाळेची वरकड कामगिरी आहे, संशोधनातून वेळ उरला तर करायची, असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही, आणि त्याला माझ्या आयुष्यातला एक प्रसंग कारण आहे. १६ फेब्रुवारी १९८० रोजी दक्षिण भारतातून खग्रास सूर्यग्रहण गेले. महाराष्ट्रात ते खंडग्रास होते, पण सूर्याचा फार मोठा भाग झाकला जाणार होता. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. आमच्या शाळेने मुलांना घरीच थांबायला सांगितले, आणि पदार्थविज्ञानाची पदवी घेतलेली मी देखील दारे-खिडक्या लावून, पडदे ओढून घरात बसून राहिले. मुंबई-पुण्याचे रस्ते त्या दुपारी ओस पडले होते. बाहेर झाडाखाली पानांच्या फटींतून जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पडल्या असतील आणि त्या पाहायला डोळ्यांना कसलाही धोका नव्हता, हे मला नंतर उमगले. ऐंशी-ब्याऐंशी वर्षांपूर्वी याच प्रांतात जेऊरच्या माळावर आपल्या माणसाने ग्रहणाचा वर्णपट टिपला होता, हे तेव्हा मला कोणी सांगितले असते, तर मी वर्ग घेऊन मैदानावर गेले असते.

ती चूक भरून काढायची म्हणून पुढे मी एक चार इंची दुर्बीण मिळवली आणि निवृत्त होईपर्यंत दर हिवाळ्यात मुलांना सूर्य दाखवत आले. दुर्बिणीतून डोळा लावून नव्हे, तो गुन्हाच आहे, तर मागे पांढरा पुठ्ठा धरून. सहावीतली एक मुलगी त्या पुठ्ठ्यावर डागाभोवती पेन्सिलीने गोल काढायला बसली आणि तक्रार करू लागली की सूर्य सरकतो आहे. खरेच, दुर्बीण स्थिर ठेवली तर दोन मिनिटांत सूर्यबिंब स्वतःच्या रुंदीइतके सरकून पुठ्ठ्यावरून निघून जाते. पृथ्वी फिरते हे तिला तिसरीपासून पाठ होते, पेन्सिलीखालून सूर्य निसटला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आत्ता आपण फिरतोय." दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा गोल काढला तर डाग बिंबावर थोडा पुढे गेलेला होता.

म्हणून आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून माझी संबंधितांना विनंती आहे. जिथे तख्तसिंगजी वेधशाळा होती, त्या आवाराजवळ रस्त्याने जाणाऱ्याला थांबून वाचता येईल असा मराठी फलक असावा, आणि त्यावर महाराजांच्या देणगीइतकाच नायगमवाला यांच्या कामाचा, विशेषतः १८९१च्या त्या हिरव्या रेषेचा आणि जेऊरच्या मोहिमेचा उल्लेख असावा. शहरात वारसा-फेऱ्या निघतात; वाडे, घाट, देवळे यांच्या जोडीला या जागेचाही त्यांत समावेश व्हावा. जेऊरच्या ग्रामस्थांनी आणि रेल्वेने मनावर घेतले तर स्थानकावर चार ओळी लिहिणे फारसे अवघड नाही. कोडाईकनालला गेलेल्या साधनांची छायाचित्रे, जुने अहवाल, १८९८च्या वर्णपटांच्या प्रती मागवून एखादे छोटे प्रदर्शन पुण्यात भरवता येईल. कोडाईकनालची वेधशाळा आज ज्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या अखत्यारीत आहे, तिच्याकडे या सर्व परंपरेची आस्था आहे, हे तिच्या कामावरून दिसते. मात्र माझा खरा आग्रह फलकापेक्षा कार्यक्रमाचा आहे. दर वर्षी २२ जानेवारीला त्या आवारात लोकांना बोलवावे. दुपारी पुठ्ठ्यावर सूर्याचे डाग दाखवावेत आणि संध्याकाळनंतर मृगातला तेजोमेघ. शहराच्या उजेडात तो फिकट दिसेल हे मला माहीत आहे. परंतु सूर्याला शहराच्या दिव्यांची बाधा होत नाही, आणि फिकट का होईना, ज्या ढगाच्या प्रकाशात नायगमवाला यांनी ती रेषा मोजली तोच ढग त्याच जागेवरून पाहायला मिळणे ही मुलांच्या लक्षात राहणारी गोष्ट आहे. शहरात आज खगोलप्रेमींच्या संस्था आहेत, प्रशिक्षित तरुण आहेत, दुर्बिणी आहेत. एका तारखेची आणि एका परवानगीची तेवढी कमतरता आहे.

त्या सुमारास रात्री आठ वाजता मृग आग्नेयेला चांगला वर आलेला असतो आणि दहाच्या सुमारास तो दक्षिणेला माथ्याजवळ येतो, म्हणजे शाळकरी मुलांना आणि त्यांच्या आजी-आजोबांनाही सोयीची वेळ आहे. माझी चार इंची दुर्बीण, तिची तिकटी, पांढरा पुठ्ठा आणि पेन्सिली घेऊन मी स्वतः यायला तयार आहे. नातवाला घुमट दाखवता येणार नाही, पण तो कुठे होता ती जागा दाखवता येईल.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, पुणे